गाठ काढण्याआधी तिचं नाव विचारा

इंदूरच्या मराठी घरात स्तनातल्या गाठीचा प्रवास तीन भाषांतून होतो. डॉक्टरांशी बोलणं हिंदीत, रिपोर्ट इंग्रजीत आणि रात्री जेवणं उरकल्यावर त्याचा अर्थ लावणं मराठीत. या प्रवासात ‘बिनाइन’ हा शब्द हमखास बदलतो. दवाखान्यात त्याची ‘सादी गांठ’ होते आणि घरी पोचेपर्यंत ‘साधीच गाठ आहे, काढून टाका म्हणालेत’ असं होतं. घाबरलेल्या घराला तेवढं पुरतं. पण ‘साधी’ हे गाठीचं नाव नव्हे. ती कॅन्सर नाही एवढंच त्यातून कळतं. ती नक्की काय आहे, हे त्यात कुठेच नसतं.

नेहमीच्या गाठींत यानं फारसं बिघडत नाही. विशी-पंचविशीतल्या मुलीच्या स्तनात बोटाखाली गोटीसारखी निसटणारी, दीड-दोन सें.मी.ची गाठ बहुतेक वेळा फायब्रोॲडिनोमा असते. ती तशीच राहू दिली तरी चालतं. घोटाळा होतो तो विरळ प्रकारांत. काही गाठी फायब्रोॲडिनोमासारख्या दिसतात पण तो नसतात. काही कॅन्सरसारख्या दिसतात आणि त्याही कॅन्सर नसतात. पहिल्या प्रकारात ऑपरेशन कमी पडतं, दुसऱ्यात नको तेवढं मोठं होतं. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: गाठीचं नाव कळण्याआधी सुरी लागलेली असते.

हात, चित्र आणि तुकडा

गाठीची तपासणी या तीन गोष्टींवर उभी असते. डॉक्टर तिला ट्रिपल असेसमेंट म्हणतात. तिन्हींचं एकमत झालं तर चूक होण्याची शक्यता फार कमी उरते. एक जरी वेगळं बोलत असेल तर थांबून पुन्हा पाहायचं.

हातानं तपासल्यावर कागदावर काय लिहिलं गेलं ते महत्त्वाचं. ‘उजव्या स्तनात गाठ’ एवढं पुरत नाही. घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा, निपलपासूनचं अंतर आणि सें.मी.मध्ये माप लिहिलेलं हवं: उजवीकडे १० वाजता, निपलपासून ४ सें.मी., आकार २.५ बाय २ सें.मी. सहा महिन्यांनी दुसऱ्याच डॉक्टरांनी पाहिलं तरी तीच गाठ आहे की नवी, वाढली की तेवढीच, हे मग अंदाजानं सांगावं लागत नाही.

चित्रात तिशीच्या आत सोनोग्राफी आधी करतात. या वयात स्तन दाट असतो आणि मॅमोग्राफीत सगळं पांढरंच दिसतं, पांढऱ्यात पांढरी गाठ हरवते. चाळिशीनंतर दोन्ही करतात. मधल्या वयात गाठ कशी लागते, घरात कुणाला कॅन्सर झाला होता का, हे पाहून ठरवतात. रिपोर्टच्या शेवटी ‘बाय-रॅड्स’ असा आकडा असतो. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. अशा गाठीवर ६, १२ आणि २४ महिन्यांनी नजर ठेवतात. ४ ची व्याप्ती फार मोठी आहे, २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणूनच त्याचे ए, बी, सी असे भाग केले आहेत: ए १० टक्क्यांपर्यंत, बी ५० पर्यंत, सी ९५ पर्यंत. नुसता ‘४’ वाचून रात्रभर जागू नका, त्यापुढचं अक्षर विचारा. ५ म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त. पण लक्षात ठेवा, हा आकडा गाठ कशी दिसते ते सांगतो, ती काय आहे ते सांगत नाही. काही विरळ साध्या गाठी ५ चा चेहरा घेऊन येतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

सुईच्या दोन तपासण्या एकच समजू नका

‘सुई की जाँच’ या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होतात. एफएनएसीची सुई बारीक असते, २२ ते २५ गेजची, म्हणजे इंजेक्शनच्या सुईएवढी. (गेजचा आकडा जितका मोठा, सुई तितकी बारीक.) तिनं फक्त सुट्या पेशी येतात. भिंतीतून चार विटा काढून आणल्या तर त्या विटाच आहेत हे कळेल, पण ती भिंत देवळाची होती की गोठ्याची हे कळणार नाही. विरळ गाठींचं निदान विटांवर नाही, बांधणीवर असतं. दुसरी तपासणी म्हणजे कोअर बायोप्सी. आपल्या लॅबमध्ये सगळे तिला ‘ट्रूकट’ म्हणतात. तिची सुई १४ गेजची, सुमारे २ मि.मी. जाडीची असते आणि तिच्यातून शेवईएवढा जाड, दीड-दोन सें.मी. लांब असा अख्खा तुकडा येतो. विरळ गाठीचा थोडा जरी संशय असेल तर एफएनएसीवर थांबू नये. स्वस्त आहे आणि लगेच होते म्हणून ती आधी सुचवली जाते, पण तिच्या रिपोर्टवरून ऑपरेशन ठरवलं की पुढचे घोळ तिथूनच सुरू होतात.

ट्रूकटची भीती फार असते, म्हणून ती कशी होते ते नीट सांगतो. सोनोग्राफीच्या पलंगावर आडवं झोपवतात आणि हात डोक्यामागे घ्यायला सांगतात. कातडी स्वच्छ करून २ टक्क्यांचं लिग्नोकेन टोचतात. तेवढे काही सेकंद चरचरतं, मग ती जागा बधिर होते. ब्लेडनं २-३ मि.मी.ची चीर देतात, टाका लागत नाही. मग पडद्यावर बघत सुई गाठीच्या कडेपर्यंत नेतात. सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवतात, म्हणजे ती फुप्फुसाकडे जात नाही. यंत्राचा खटका स्टेपलर मारल्यासारखा वाजतो. बायका दचकतात त्या या आवाजाला, म्हणून चांगला डॉक्टर सुईआधी एकदा हवेत खटका वाजवून दाखवतो. असे चार-पाच तुकडे घेतात आणि प्रत्येक वेळी सुईची दिशा थोडी बदलतात, कारण एकाच गाठीत एक कोपरा शांत आणि दुसरा दाट असू शकतो.

तुकडा फॉर्मलिनच्या (ऊती नासू न देणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत टाकला की पाहण्यासारखी एक गोष्ट घडते. गाठीचा घट्ट, पांढरट तुकडा तळाशी जातो. पिवळसर चरबीचा तुकडा वर तरंगतो. सगळेच तुकडे तरंगत असले तर सुई गाठीत लागलेली नाही असं समजून तिथल्या तिथे आणखी घेतात. त्यानंतर दहा मिनिटं तळहातानं घट्ट दाबून धरायचं. फक्त कातडीवरच्या छिद्रावर नव्हे, सुई आत जिथवर गेली त्या सगळ्या वाटेवर दाब हवा. हे नीट केलं नाही तर दुसऱ्या दिवशी स्तन काळानिळा पडतो. तो आठ-पंधरा दिवसांत ओसरतो, पण तेवढे दिवस घरात काळजी असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. हृदयात स्टेंट असेल तर ती अचानक बंद करणं या तपासणीपेक्षा कितीतरी धोक्याचं.

शेजारच्या काकू काळजीपोटीच सांगतात, ‘अगं, सुई नको लावूस, छेड़ने से फैलती है.’ काकूंची माया खरी आहे, माहिती चुकीची. ट्रूकटमुळे साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. गाठ आधीच कॅन्सरची निघाली तरी या सुईमुळे रुग्णाचं आयुष्य कमी झाल्याचं दिसलेलं नाही. नाव न कळता केलेल्या ऑपरेशनचं नुकसान मात्र खरंखुरं असतं.

फिलॉइड्स

विरळ गाठींत सगळ्यात जास्त चुका होतात त्या हिच्यात. स्तनातल्या एकूण ट्यूमरमध्ये तिचा वाटा १ टक्क्याहूनही कमी. साधारणपणे चाळिशीच्या आसपास दिसते, आशियाई स्त्रियांमध्ये थोडी लवकरही. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये तिला ‘सिस्टोसार्कोमा फिलॉइड्स’ म्हटलं. ग्रीकमध्ये फिलॉन म्हणजे पान. गाठ कापली की आतला भाग कोबीच्या पानांसारखा दुमडलेला आणि मध्ये फटी असलेला दिसतो, त्यावरून हे नाव. ‘सार्कोमा’ हा शब्द आता सोडून दिला आहे, कारण बहुतेक फिलॉइड्स साध्याच असतात. जुन्या रिपोर्टवर तो शब्द दिसला तर दचकू नका.

फायब्रोॲडिनोमा आणि फिलॉइड्स एकमेकींना परक्या नाहीत. दोन्हींत दूधनळीचं अस्तर आणि भोवतालची जोड-ऊती, डॉक्टरांच्या शब्दांत स्ट्रोमा, असे दोन भाग असतात. २०१४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांना फायब्रोॲडिनोमांपैकी निम्म्याहून अधिक गाठींत एमईडी १२ या जनुकात बदल सापडला. पुढे फिलॉइड्समध्येही तोच बदल मोठ्या प्रमाणावर आढळला. म्हणजे मूळ सामान जवळजवळ सारखंच. फरक पडतो तो स्ट्रोमा किती दाट झाला आहे, त्यातल्या पेशी किती वेगानं दुभागत आहेत आणि गाठीची कड गुळगुळीत आहे की शेजारच्या ऊतीत घुसते आहे, यावर. सुट्या पेशींत यातलं काहीच दिसत नाही. एफएनएसीवर फिलॉइड्स हमखास ‘फायब्रोॲडिनोमा’ म्हणून निघून जाते ती यामुळेच.

संशय कधी घ्यायचा? गाठ तीन सें.मी.च्या पुढे असेल. वर्षानुवर्षं तेवढीच असलेली गाठ दोन-तीन महिन्यांत एकदम वाढू लागली असेल. सहा महिन्यांत तिची सर्वांत मोठी लांबी पाचव्या हिश्शाहून जास्त वाढली असेल. पस्तिशीनंतर पहिल्यांदाच ‘फायब्रोॲडिनोमा’ निघाला असेल. सोनोग्राफीत गाठीच्या आत पाण्याच्या फटी दिसत असतील. मोठ्या फिलॉइड्सवर कातडी ताणून चकचकीत होते, निळ्या शिरा उठून दिसतात. ते पाहून घरचे हादरतात, पण कातडी ताणली गेलेली असते, बहुधा पोखरलेली नसते.

ट्रूकटनंतरही कधी कधी रिपोर्ट असा येतो: ‘फायब्रोएपिथेलियल लेजन, फिलॉइड्स नाकारता येत नाही.’ बऱ्याच जणांना वाटतं, पैसे वाया गेले, डॉक्टरांना काही सांगता आलं नाही. तसं नाही. हा पॅथॉलॉजिस्टचा प्रामाणिक रिपोर्ट आहे. तुकड्यावरून एवढंच सांगता येतं, उरलेलं अख्खी गाठ पाहिल्यावर. सर्जनला मात्र त्यातून नेमका निरोप मिळतो: ही गाठ शेंगेतून दाणा सोलावा तशी काढायची नाही, भोवतीच्या निरोगी ऊतीच्या पातळ थरासकट काढायची. फायब्रोॲडिनोमा सोलून काढला तरी चालतो. फिलॉइड्सची मुळं कडेबाहेर बोटांसारखी गेलेली असू शकतात, सोललं तर ती मागे राहतात.

अख्खी गाठ पाहिल्यावर पॅथॉलॉजिस्ट तिला तीनपैकी एका पायरीवर बसवतो: बिनाइन (साधी), बॉर्डरलाइन (मधली) किंवा मॅलिग्नंट (कॅन्सरच्या स्वभावाची). भिंगाखालच्या दहा क्षेत्रांत दुभागणाऱ्या पेशी पाचपेक्षा कमी, पाच ते नऊ, किंवा दहा आणि त्याहून जास्त, ही त्यातली एक कसोटी. एकटीवर निकाल लावत नाहीत. स्ट्रोमाची दाटी, पेशींचं रूप, गाठीची कड, अस्तराला न जुमानता स्ट्रोमा माजला आहे का, हे सगळं मिळून ठरतं. बॉर्डरलाइन आणि मॅलिग्नंटमध्ये भोवती १ सें.मी. निरोगी कड सुटेल असं ऑपरेशन करायचा प्रघात आहे. बिनाइनमध्ये आता तेवढी सक्ती नाही. कड स्वच्छ असली की पुरे. ‘फायब्रोॲडिनोमा’ म्हणून सोलून काढलेली गाठ नंतर बिनाइन फिलॉइड्स निघाली, तरी लगेच दुसरं ऑपरेशन करण्याऐवजी बारीक नजर ठेवणं अनेक ठिकाणी योग्य मानतात. हा निर्णय सर्जनबरोबर बसून घ्यावा. ‘पुन्हा टेबलावर घ्यावंच लागेल’ हे एकमेव उत्तर नाही.

बिनाइन फिलॉइड्स काढल्यावर त्याच जागी पुन्हा येण्याची शक्यता साधारण दहांत एक. आली तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते आणि कधी कधी एक पायरी वरची होऊन येते. म्हणून तीन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी आणि सोनोग्राफी. काखेतल्या गाठी काढायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. त्या हाताला मोठ्या लागल्या तरी बहुतेकदा नुसती सूज असते. मॅलिग्नंट फिलॉइड्सही पसरली तर रक्तावाटे फुप्फुसाकडे जाते, काखेकडे क्वचित. साध्या फिलॉइड्ससाठी कुणी काख साफ करायचं सुचवलं तर कारण विचारा. हात आयुष्यभर सुजण्याची जोखीम विनाकारण घ्यायची नसते.

नातेवाइकाच्या हातातली बरणी

ऑपरेशन झालं की आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गाठ बरणीत घालून नातेवाइकाच्या हातात देतात: ‘लॅब में दे आइए.’ भाऊ किंवा दीर स्कूटरवरून ती नेतो. सगळं निदान त्या बरणीवर अवलंबून असतं आणि नेणाऱ्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. म्हणून एवढं बघा.

बरणी रुंद तोंडाची हवी. फॉर्मलिनमध्ये गाठ कडक होते. अरुंद तोंडाच्या बाटलीत दाबून घातलेली गाठ बाहेर काढताना फाटते आणि फाटली की कड कुठली हेच कळत नाही. द्रव १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन हवा आणि गाठीच्या दहापट. तो तासाला जेमतेम १ मि.मी. आत शिरतो. म्हणजे सहा सें.मी.च्या गाठीच्या मध्यापर्यंत पोचायला दिवस उलटून जातो, आणि तोवर मधला भाग नासायला लागतो. यावर उपाय म्हणजे त्याच दिवशी लॅबला पोचवणं. तिथे पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या बाहेरच्या कडेला शाई लावून मग तिचे काप करतो आणि द्रव आत जाऊ देतो. हे काप ऑपरेशन थिएटरमध्ये ‘आत काय आहे बघू’ म्हणून केले तर कडेचा हिशोब बिघडतो. शनिवारी संध्याकाळचं ऑपरेशन आणि सोमवारी लॅब, ही जोडी सगळ्यात वाईट. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये ठेवलेली मोठी गाठ कितीही निष्णात माणसाच्या भिंगाखाली गेली तरी नीट वाचता येत नाही.

बरणीच्या अंगावर, झाकणावर नव्हे, नाव, वय, बाजू आणि तारीख लिहिलेली हवी. झाकणं बदलतात. गाठीला दोन टाके मारलेले असावेत, आखूड वरच्या बाजूला, लांब बाहेरच्या बाजूला, आणि तसं कागदावर लिहिलेलं असावं. नाहीतर ‘कड एका बाजूला चिकटलेली आहे’ असा रिपोर्ट येतो आणि ती बाजू स्तनातली कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. कागदावर आधीच्या ट्रूकटचा निकाल आणि सोनोग्राफीचं माप द्या. अख्खी गाठ तपासायला देणं हा खर्च टाळण्याची जागा नव्हे.

कॅन्सरचा चेहरा, स्वभाव साधा

ग्रॅन्युलर सेल ट्यूमर मज्जातंतूंवरच्या आवरणपेशींतून, म्हणजे श्वान पेशींतून उगवतो. रशियन पॅथॉलॉजिस्ट अब्रिकोसोव्ह यांनी १९२६ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याची सगळ्यात नेहमीची जागा जीभ, पण थोडे स्तनातही होतात. हाताला दगडासारखा लागतो, वरची कातडी आत ओढली जाते, मॅमोग्राफीत काटेरी कडा दिसतात. बाय-रॅड्स ५. पाहणाऱ्याच्या मनात एकच निदान येतं. ट्रूकटमध्ये मात्र दाणेदार, गुलाबी, मोठ्या पेशी दिसतात. पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या तपासणीत, म्हणजे आयएचसीत, त्या एस-१०० चा रंग घेतात आणि सायटोकेराटिनचा घेत नाहीत. स्तनाचा कॅन्सर मात्र सायटोकेराटिनचा घेतो. ऑपरेशन चालू असताना तुकडा गोठवून घाईत केलेल्या तपासणीवर, म्हणजे फ्रोझन सेक्शनवर, हा ट्यूमर फसवू शकतो, म्हणून फ्रोझनच्या भरवशावर स्तन काढण्याचा निर्णय होता कामा नये. उपचार म्हणजे स्वच्छ कडेसकट गाठ काढणं. केमोथेरपी नाही, काख नाही. काही जणांत तो एकाहून जास्त ठिकाणी असतो, तेव्हा एकदा तोंड आणि कातडी नीट पाहून घ्यावी.

फायब्रोमॅटोसिस, म्हणजेच डेस्मॉइड, हाही असाच कडक, छातीच्या स्नायूला धरून बसलेला. तो शरीरात दुसरीकडे पसरत नाही, पण आहे तिथे मुळं रोवतो, म्हणून त्याला काटेकोरपणे ‘साधा’ म्हणता येत नाही. पूर्वी मोठमोठी ऑपरेशनं व्हायची आणि तरी तो परत यायचा. आता ट्रूकटवर बीटा-कॅटेनिनची तपासणी करून निदान पक्कं करतात, एमआरआय काढतात आणि बऱ्याच जणींत काही महिने नुसती नजर ठेवतात. काही डेस्मॉइड आपोआप थांबतात किंवा आक्रसतात. घरात कमी वयात आतड्याचे पॉलिप किंवा आतड्याचा कॅन्सर झालेलं कुणी असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. या दोन्हींचं मूळ कधी कधी एकच असतं आणि मग कोलोनोस्कोपी करावी लागते.

पॅश हे लांबलचक नावाचं लघुरूप. त्यात स्ट्रोमामध्ये रक्तवाहिन्यांसारख्या फटी दिसतात, पण रक्तवाहिन्या नसतात. घाईत पाहिलं तर रक्तवाहिन्यांच्या कॅन्सरचा भास होतो. सीडी ३४ आणि सीडी ३१ या दोन तपासण्या उलगडा करतात: पॅश पहिलीचा रंग घेतो, दुसरीचा घेत नाही. ट्रूकट आणि चित्र जुळत असेल तर काढायचीही गरज नाही.

हॅमार्टोमात स्तनाचीच सगळी द्रव्यं पातळ आवरणात बांधलेली असतात. मॅमोग्राफीवर स्तनात स्तन दिसावा तसं दिसतं आणि पुष्कळदा चित्रावरच निदान होतं. इथे ट्रूकटची गंमत अशी की तुकड्यात ‘नॉर्मल स्तन’ एवढंच येतं, आणि चित्र न पाहता वाचलेला रिपोर्ट मग ‘सुई चुकली’ असा वाटतो. मायोफायब्रोब्लास्टोमा वयस्क पुरुषांतही होतो, काढला की संपतो. ॲडिनोमायोएपिथेलिओमा पूर्ण कडेसकट काढावा, कारण अर्धवट राहिला तर परततो आणि क्वचित बिघडतो. निपलच्या एकाच छिद्रातून आपोआप पाणी किंवा रक्त येत असेल तर नळीतला पॅपिलोमा बहुधा कारण असतो. तेवढी एकच नळी काढता येते.

ट्यूमर नसलेला एक नक्कलखोर

बाळंतपणानंतर काही वर्षांनी स्तनात कडक, लालसर, दुखरी गाठ येते, पू फुटतो, वाट वाहत राहते. हा ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस असू शकतो किंवा स्तनाचा क्षयरोग. दोन्हींत भिंगाखाली ग्रॅन्युलोमा दिसतात आणि उपचार मात्र अगदी वेगळे. पहिल्यात कधी स्टिरॉइड देतात. क्षय असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो भडकतो. म्हणून ट्रूकटच्या वेळीच एक तुकडा वेगळ्या निर्जंतुक बाटलीत, साध्या सलाइनमध्ये ठेवून सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि टीबी कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) पाठवायचा. सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये गेले तर जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. हा दुसरा तुकडा विसरला जातो आणि मग सहा महिने अंदाजानं क्षयाच्या गोळ्या चालतात. ट्रूकटच्या आधीच विचारा, ‘एक तुकडा सलाइनमध्ये ठेवणार ना?’

मुली आणि गरोदर बायका

आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या एकाच निपलखाली बटणासारखी दुखरी गाठ लागली तर आई घाबरते. ती बहुतेक वेळा स्तनाची कळीच असते, दुसऱ्या बाजूला ती काही महिन्यांनी येते. ती कधीही कापायची नाही, सुईही लावायची नाही. कळी गेली की त्या बाजूचा स्तन पुढे वाढत नाही. शंका असेल तर सोनोग्राफी पुरे.

पाळी सुरू झालेल्या मुलीत पाच सें.मी.च्या पुढे झपाट्यानं वाढणारी गाठ जायंट जुव्हेनाइल फायब्रोॲडिनोमा असू शकते. स्तन दुप्पट दिसतो, पण काढायची असते फक्त गाठ. दबलेला स्तन पुढच्या महिन्यांत बराचसा आकाराला येतो. चीर स्तनाखालच्या घडीत किंवा निपलभोवतीच्या काळ्या कडेवर घेता येते. ‘व्रण कुठे येईल?’ हे मुलीच्या आईनं बिनधास्त विचारावं, त्यात काही वावगं नाही.

गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आलेली गाठ लॅक्टेटिंग ॲडिनोमा असेल तर पाजणं थांबल्यावर ती सहसा विरते. पण ‘दूध साठलंय’ म्हणून महिनोन्‌महिने शेक देत बसू नये. दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करावी. ट्रूकट गरोदरपणातही करता येते, त्यासाठी पाजणं सोडावं लागत नाही. जखमेतून थोडे दिवस दूध झिरपू शकतं, ते आधीच माहीत असावं.

फाइल आणि मेणाचे ठोकळे

इंदूरला एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय, महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. सर्जन, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात असण्याचा विरळ गाठीत मोठा फायदा असतो: तिघं एकमेकांशी बोलू शकतात. खासगीत या तिन्ही गोष्टी तीन पत्त्यांवर होतात, तेव्हा जोडण्याचं काम घरच्यांनाच करावं लागतं. पॅथॉलॉजिस्टला सोनोग्राफीची प्रत द्या आणि सर्जनला विचारा, ‘चित्र आणि तुकडा जुळतात का?’ जुळत नसतील, म्हणजे चित्र ४-सी सांगतंय आणि तुकडा ‘काही विशेष नाही’ म्हणतोय, तर पुन्हा ट्रूकट. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण योजनेचा भर दाखल होऊन केलेल्या उपचारांवर आहे. ट्रूकट आणि आयएचसीचा खर्च त्यात बसतो का, हे काउंटरवर आधीच विचारून घ्या.

तुमच्या गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत बसवून ठेवतात. त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि त्यांच्यावरूनच स्लाइड बनतात. दुसरं मत हवं असेल तर ते मागून घेता येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा वाचून देतात. अवंतिका एक्सप्रेसनं रात्रीतून मुंबई गाठता येते, पण नुसता रिपोर्ट घेऊन गेलात तर ‘ब्लॉक आणा’ म्हणून परत यावं लागतं. ब्लॉक घेताना त्यांच्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी ताडून पाहा. उन्हाळ्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ होतं. काम झालं की लॅबला परत द्या किंवा घरी थंड, कोरड्या जागी डबीत ठेवा. पाच वर्षांनी त्याच बाजूला पुन्हा गाठ आली, तर आधीची आणि आताची शेजारी-शेजारी ठेवून पाहायला तेच ठोकळे लागतात.